जिम कॉर्बेट : नेम धरण्याआधी विचार करणारा शिकारी



जिम कॉर्बेट हे नाव ऐकलं की आपल्याला उत्तराखंडमधलं राष्ट्रीय उद्यान आठवतं. नरभक्षक वाघांच्या गोष्टी आठवतात. पण आज आपण त्यांचं जीवन थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. डोंगर चढून नरभक्षकाच्या मागावर जाणारा हा माणूस हातात कोणती बंदूक घेत असे? तीच का घेत असे? हलकी की भारी? आणि ती भरवशाची आहे हे त्याला कसं कळायचं? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्या उत्तरात कॉर्बेट यांचा सगळा स्वभाव दिसतो. शिवाय नववीच्या विज्ञानातला न्यूटनचा तिसरा नियमही इथे भेटणार आहे, बरं का !

जन्म आणि बालपण

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनिताल येथे झाला. घरात सगळे त्यांना जिम म्हणत. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे नैनितालचे पोस्टमास्तर होते. आईचं नाव मेरी जेन. कुटुंब मोठं, मुलं पुष्कळ आणि कमाई बेताची. 1881 मध्ये वडील वारले. तेव्हा जिम लहानच होते. पुढे थोरले भाऊ टॉम यांनी पोस्टाचं काम आणि घर दोन्ही सांभाळलं.

उन्हाळ्यात हे कुटुंब नैनितालला राहायचं आणि थंडीत पायथ्याच्या कालाढुंगी गावी उतरायचं. कालाढुंगीच्या आसपास तेव्हा घनदाट जंगल होतं. जिमची खरी शाळा तिथेच भरली. पक्ष्यांचे आवाज, प्राण्यांच्या पावलांचे ठसे, वाळलेल्या पानांवर होणारी सळसळ हे सगळं ते लहानपणीच शिकले. माकड ओरडलं तर ते कशाला पाहून ओरडलं, हे त्यांना झाडाखाली उभं राहून सांगता येई.

गलोलीपासून बंदुकीपर्यंत

जिमचं पहिलं हत्यार म्हणजे गलोल. त्यानंतर मातीच्या गोळ्या फेकणारं धनुष्य आलं. पुढे एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक मिळाली. तिची उजवी नळी फुटलेली होती, त्यामुळे चालायची फक्त डावी. लाकडी दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधून एकत्र धरलेल्या. आपल्यापैकी कुणी ती बंदूक पाहिली असती तर भंगारातच टाकली असती ! पण जिमने तिच्याकडून एक मोठी गोष्ट शिकून घेतली. ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. तो चुकला की दारू भरा, छर्रे भरा, ठासा, आणि तोवर सावज पसार. म्हणून बार टाकायच्या आधीच विचार करायचा. ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

दहाव्या वर्षाच्या सुमारास ते नैनितालच्या कॅडेट तुकडीत दाखल झाले. तिथल्या सार्जंट-मेजरने त्यांना .450 बोअरची मार्टिनी रायफल वापरायला दिली. काडतुसं हवी तेवढी घे म्हणाला, अट एकच : रिकामी टरफलं परत आणून द्यायची. दहा वर्षांच्या मुलाला ती रायफल झेपणार कशी? बार काढला की खांद्याला असा दणका बसायचा की मोठी माणसंही कळवळत. पण जिमने ती सोडली नाही. कालाढुंगीच्या जंगलात त्याच रायफलीने त्यांनी पहिला बिबट्या मारला. गोळी लागल्यावर तो बिबट्या त्यांच्या डोक्यावरून उडी मारून झाडीत गेला. रक्ताचे थेंब अंगावर पडले. मुलगा घाबरला असेलच. पण जखमी जनावर तसंच सोडून घरी यायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. रक्ताच्या मागावर जाऊन त्याने काम पुरं केलं.

मित्रांनो, हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे त्याचं महत्त्व कळेल.

धक्का का बसतो?

आता थोडं विज्ञान. बंदुकीतून गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे का येते? प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते म्हणून. गोळीचा संवेग जेवढा पुढे, तेवढाच बंदुकीचा संवेग मागे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. चला, गणित करून पाहू. आकडे अंदाजे घेतले आहेत आणि जळालेल्या दारूच्या वायूचा हिशेब सोपेपणासाठी सोडून दिला आहे.

मार्टिनीची गोळी सुमारे 31 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 400 मीटर. म्हणजे संवेग 0.031 × 400 = 12.4. रायफल साधारण 4 किलोची. 12.4 भागिले 4 केलं की 3.1. म्हणजे रायफल सेकंदाला 3.1 मीटर वेगाने खांद्यावर आदळते.

आता कॉर्बेट यांची पुढे प्रसिद्ध झालेली .275 रिग्बी रायफल घ्या. गोळी सुमारे 9 ग्रॅम, वेग सुमारे 800 मीटर. संवेग 7.2. रायफल 3.6 किलो धरली तर मागे येण्याचा वेग फक्त 2 मीटर.

दिसला ना फरक? गोळी लहान, पण वेग दुप्पट. वेग जास्त म्हणून ती सपाट रेषेत जाते, लांबवर फारशी खाली पडत नाही. आणि खांद्याला दणका कमी. दणका कमी म्हणजे माणूस चाप ओढताना डोळे मिटत नाही, अंग चोरत नाही. नेम चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण बंदूक नसून ही दणक्याची भीती असते.

रेल्वेची नोकरी

घरची परिस्थिती अशी की पुढचं शिक्षण शक्य नव्हतं. अठराव्या वर्षाच्या सुमारास जिम रेल्वेत लागले. आधी इंजिनांच्या लाकूडफाट्यावर देखरेख आणि नंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर मालाची चढ-उतार करून घेण्याचं काम. तिथे त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. शेकडो हमालांबरोबर ते स्वतः उन्हात उभे राहत. साहेब असून मजुरांच्या पंगतीला बसणारा हा माणूस होता. रजा मिळाली की मात्र ते नैनितालला धावत आणि तिथे त्यांची वाट पाहत असे डोंगरातला एखादा भेदरलेला गाव.

चंपावतची वाघीण (1907)

कॉर्बेट यांची पहिली नरभक्षक म्हणजे चंपावतची वाघीण. तिने आधी नेपाळात 200 आणि मग कुमाऊंमध्ये 236, अशी एकूण 436 माणसं मारल्याची नोंद आहे. सरकारने त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. जाहीर केलेलं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना मागे बोलवायचं. बक्षिसासाठी वाघ मारणारा अशी आपली ओळख त्यांना नको होती. शिवाय एकाच जंगलात चारजण बंदुका घेऊन फिरले तर वाघाआधी माणूसच मारला जायचा.

ते पाली गावात पोचले तेव्हा लोक पाच दिवस दारं लावून घरात बसले होते. शेतं तशीच, पाणवठा ओस. कॉर्बेट यांनी लोकांना धीर दिला, स्वतः रानात फिरून दाखवलं, पिकं कापून घेताना पहारा दिला. पुढे चंपावतजवळ वाघिणीने सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी उचलली. कॉर्बेट त्या मागावर निघाले. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या मदतीने जवळजवळ तीनशे माणसं जमवून हाकारा घातला.

आता ऐका, इथे हत्याराची गोष्ट येते. कॉर्बेट यांच्याजवळ .500 बोअरची दुनळी रायफल होती आणि काडतुसं फक्त तीन. दोन बार मिळाले तर खूप झालं, तिसरं अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब. पण हाकाऱ्यात गोंधळ झाला आणि तिन्ही संपली. वाघीण जखमी होऊन समोरच्या कातळावर उभी, आणि यांच्या हातात रिकामी रायफल !

ते धावत वर गेले, तहसीलदारांची बंदूक घेतली आणि पुन्हा खाली आले. वाघीण वीसेक फुटांवर होती. बंदूक उचलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नळ्या आणि मागचा भाग यांच्यात बोटाएवढी नाही तरी चांगली दिसेल इतकी फट आहे. बार काढला तर बंदूक कदाचित फुटणार नाही, पण मागे येणारी आग डोळ्यांत जायची. तरी त्यांनी नेम धरला तो वाघिणीच्या उघड्या जबड्यावर. गोळी लागली कुठे? तिच्या पंजाला ! इतक्या जवळून, इतक्या कसलेल्या माणसाच्या हातून ! नशीब असं की वाघीण आधीच्या गोळ्यांनीच संपत आली होती. तिथेच ती कोसळली.

या प्रसंगातून काय शिकायचं? हत्यार कितीही भारी असो, ते आपण आधी पारखलेलं नसेल तर ऐनवेळी त्याचा भरवसा नाही. आणि काडतुसं मोजून नेणं ही काटकसर नव्हे. कॉर्बेट यांनी स्वतःची ही चूक पुढे पुस्तकात मोकळेपणाने लिहिली. चूक लपवली असती तर आपल्याला कळलीही नसती. पण शिकवायचं असेल तर चूक सांगावी लागते.

आणखी एक गोष्ट. मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले दिसले. खालचा तर अगदी हाडापर्यंत. ती जुनी गोळीची जखम होती. कुणीतरी केव्हातरी घाईने बार टाकला आणि जखमी जनावराचा शोध न घेता निघून गेला. मोडक्या सुळ्यांनी तिला नेहमीची शिकार जमेना, मग ती माणसांकडे वळली. एका चुकलेल्या नेमाची किंमत 436 घरांनी मोजली.

म्हणूनच मघाशी म्हटलं, पहिल्या बिबट्याचा प्रसंग लक्षात ठेवा.

भेट मिळालेली हलकी रायफल

संयुक्त प्रांताचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी या कामगिरीबद्दल कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .275 बोअरची. दस्त्यावर चांदीची पट्टी बसवून त्यावर भेटीचा मजकूर कोरलेला. गंमत म्हणजे हेवेट साहेबांनी चंपावतच्या तहसीलदारांनाही एक नवी कोरी बंदूक दिली. जुनीची फट त्यांच्या कानावर गेली असणार !

ही .275 म्हणजे मूळची जर्मन माऊझर कंपनीची 7 मिलीमीटरची काडतूस-पद्धत. रिग्बीने तिला इंग्रजी नाव दिलं. एकनळी, खिटी मागेपुढे ओढून काडतूस भरायची, पोटात चार-पाच काडतुसं मावायची. वजनाला हलकी, दिसायला साधी. तिच्यावर दुर्बीण नव्हती. नळीच्या टोकावरची खूण आणि मागची खाच एका रेषेत आणायची आणि नेम धरायचा, बस्स.

तेव्हाच्या पुष्कळ साहेबलोकांना अशी बारीक बोअरची रायफल म्हणजे हरणं मारायचं खेळणं वाटे. वाघासाठी मोठी दुनळीच हवी, असा रिवाज. कॉर्बेट यांनीही मोठी रायफल ठेवली होती. जेफरी कंपनीची .450/400 बोअरची दुनळी. गोळी सुमारे 26 ग्रॅमची, रायफल पावणेपाच-पाच किलोची. दाट झाडीत जखमी वाघ अंगावर आला तर लागोपाठ दोन दणकट बार देणारी ही रायफल खरोखर कामाची. पण ती घेऊन दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर डोंगर चढायचे म्हणजे खांदे भरून येत. आणि थकलेल्या हाताचा नेम थरथरतो.

म्हणजे दोन्ही बाजू होत्या. भारी रायफलीत ताकद जास्त, पण चाल मंद. हलकीत चाल चपळ, पण गोळी अगदी नेमक्या जागी लागायला हवी. कॉर्बेट जागा पाहून निवड करत.

दोन प्रसंग, दोन रायफली

पहिला प्रसंग चौगडचा. तिथे एका वाघिणीने आणि तिच्या मोठ्या झालेल्या पिल्लाने मिळून पाच वर्षांत 64 माणसं मारली होती. 11 एप्रिल 1930 चा दिवस. कॉर्बेट एका अरुंद ओढ्यातून उतरत होते. उजव्या हातात हलकी .275 आणि डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी ! अंडी गोळा करण्याचा त्यांना नाद होता. एका मोठ्या खडकाला वळसा घालून मागे पाहतात तर वाघीण आठ फुटांवर दबा धरून बसलेली, उडी घ्यायच्या तयारीत.

एकदम हालचाल केली असती तर संपलंच होतं. त्यांनी एकाच हाताने रायफल इतकी हळूहळू फिरवली की ती फिरते आहे हे वाघिणीला जाणवू नये. नळी समोर यायला किती वेळ लागला असेल? काही सेकंद. पण हात पूर्ण लांब ताणलेला. शेवटी चाप ओढला आणि वाघीण जागीच निपचित पडली. अंडी शाबूत राहिली. ती त्यांनी परत नेऊन घरट्यात ठेवली.

विचार करा. हातात पाच किलोची दुनळी असती तर ती एका हाताने अशी संथ फिरवता आली असती का? कॉर्बेट यांनी स्वतः मान्य केलं की रायफल हलकी होती आणि डाव्या हातात अंडी होती म्हणूनच झटकन वळण्याचा मोह झाला नाही, आणि त्यामुळे ते वाचले.

दुसरा प्रसंग ठाकचा. 30 नोव्हेंबर 1938. कॉर्बेट तेव्हा 63 वर्षांचे. ही त्यांची शेवटची नरभक्षक. सूर्य मावळत आलेला, उजेड काही मिनिटांचाच. त्यांनी वाघासारखा आवाज काढून वाघिणीला जवळ बोलावलं. एका खडकाला टेकून, अवघडलेल्या जागी ते .450/400 घेऊन थांबले होते. वाघीण समोर आली, दोन्ही बार निघाले, वाघीण पडली. आणि त्या रायफलीच्या दणक्याने कॉर्बेटही आपल्या जागेवरून निसटून खाली बसलेल्या माणसांच्या अंगावर पडले !

इथे आपलं गणित पुन्हा करा. 0.026 × 650 = 16.9. रायफल 4.8 किलो. भागाकार 3.5 च्या आसपास. मार्टिनीपेक्षाही जास्त दणका ! मात्र संधिप्रकाशात, इतक्या जवळ, दुसरी संधी मिळणार नाही अशा वेळी लागोपाठ दोन जड बार हवेच होते. म्हणून निवड बरोबरच होती.

आजची हलकी मॅग्नम

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. मॅग्नम म्हणजे काय? त्याच जाडीची गोळी, पण टरफल मोठं, दारू जास्त, म्हणून वेग जास्त. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने 1912 मध्ये .375 मॅग्नम आणली, ती फार गाजली. आता अमेरिकेसारख्या देशांत, जिथे परवाना घेऊन शिकार चालते, तिथे डोंगरातल्या शिकाऱ्यांसाठी मॅग्नम काडतुसाच्या अगदी हलक्या रायफली बनतात. ऐकायला दोन्ही फायदे एकत्र ! पण न्यूटन सोडत नाही. 10 ग्रॅमची गोळी, वेग 940 मीटर, संवेग 9.4. रायफल 2.7 किलोची. भागाकार पुन्हा 3.5 ! कॉर्बेट यांना खडकावरून पाडणाऱ्या दुनळीइतक्याच वेगाने ती हलकी रायफल मागे येते. रायफल हलकी असल्याने धक्क्याची एकूण ऊर्जा दुनळीपेक्षा कमी असते खरी, पण झटका तितकाच झटपट असतो.

म्हणून तिथले जाणते लोक रायफल घेतल्यावर थेट डोंगर गाठत नाहीत. आधी चांदमारीच्या मैदानात बसतात. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवतात. 100 यार्डांवर लक्ष्य लावून तीन-तीन बार काढतात आणि तिन्ही भोकं किती जवळ पडली ते मोजतात. भोकं जवळजवळ पण मध्यापासून दूर पडली तर दोष नेमखुणेचा, तो फिरवून काढता येतो. भोकं विखुरलेली असतील तर दोष रायफलीचा, काडतुसाचा किंवा आपल्या खांद्याचा, तो शोधावा लागतो. पातळ नळी दोन-तीन बारांत तापते, म्हणून मधे थांबून ती गार होऊ देतात.

दुर्बिणीचंही तसंच. एका अंशाचे 60 मिनिटं असतात, हे भूमितीत शिकलात ना? 100 यार्डांवर एका मिनिटाचा कोन म्हणजे जवळजवळ 1 इंच. पुष्कळ दुर्बिणींची कळ एक खाच फिरवली की नेम पाव मिनिट सरकतो. म्हणजे गोळी 2 इंच डावीकडे पडत असेल तर आठ खाचा उजवीकडे. हलक्या मॅग्नमवर दुर्बीण बसवताना डोळा आणि काच यांत पुरेसं अंतर ठेवावं लागतं. नाहीतर दणक्याने दुर्बिणीची कडा भुवईवर बसते आणि रक्त निघतं. फार मोठी, जड दुर्बीण लावली तर हलकी रायफल घेण्याचा उपयोगच काय?

कॉर्बेट यांच्याकडे दुर्बीण नव्हती. अंधारात नेमखूण दिसावी म्हणून पनारच्या बिबट्याच्या वेळी त्यांनी बंदुकीच्या नळीच्या टोकाला पांढरं कापड बांधलं होतं. रुद्रप्रयागचा बिबट्या 1918 ते 1926 या काळात 125 माणसं मारून केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेकरूंचा काळ झाला होता. मे 1926 मध्ये गुलाबराईच्या आंब्यावर सलग अकरा रात्री बसून त्यांनी तो मारला, तेव्हा रायफलीला विजेची बॅटरी लावलेली होती. प्रकाश पडला, बिबट्या दिसला, बार निघाला आणि थोड्याच वेळात बॅटरीही विझली. साधन बेभरवशाचं असू शकतं, हे गृहीत धरूनच ते बसत. म्हणून त्यांचा खरा भरवसा डोळे, कान आणि संयम यांवर होता.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट कुमाऊंची 500 माणसं घेऊन फ्रान्सला गेले होते. दुसऱ्या महायुद्धात वय झालं असूनही त्यांनी सैनिकांना जंगलात कसं वावरायचं ते शिकवलं. या साऱ्या काळात त्यांच्या मनात एक बदल होत गेला. मौजेसाठी वाघ मारणाऱ्या मोटारी जंगलात वाढू लागल्या तशी त्यांना वाघाचीच काळजी वाटू लागली. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. वाघांचं चित्रीकरण करण्यासाठी ते तासन्‌तास लपून बसत. नेम तोच, संयम तोच, फक्त चाप वेगळा !

1936 मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. त्यासाठी ज्यांनी आग्रह धरला त्यांत कॉर्बेट होते. त्यांच्या मृत्यूनंतर या उद्यानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही इथूनच झाली.

त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक, कुमाऊंच्या नरभक्षकांविषयीचं, 1944 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या आपल्या मुंबईतल्या कार्यालयाने काढलं आणि ते जगभर गेलं. 1947 मध्ये ते बहीण मॅगीसह केनियातल्या न्येरी गावी राहायला गेले. 19 एप्रिल 1955 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. कुमाऊंतले लोक मात्र त्यांना आपला कारपिट साहेब म्हणूनच ओळखत राहिले.

त्यांची ती .275 रायफल त्यांच्या मागे प्रकाशकांकडे राहिली आणि पुढे पुन्हा रिग्बी कंपनीकडे गेली. 2016 मध्ये ती काही दिवसांसाठी भारतात आणली गेली, तेव्हा कालाढुंगीच्या परिसरातले लोक ती पाहायला आवर्जून आले.

आपण काय शिकावं?

मित्रांनो, आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. हा लेख बंदुकीचं कौतुक करण्यासाठी नाही. पण ज्याच्या हातात धोक्याचं साधन आहे त्याने कसं वागावं, हे कॉर्बेट यांच्याकडून शिकता येतं. साधन आपल्या ताकदीला झेपेल असं निवडा. वापरण्याआधी पारखा. त्याच्या मर्यादा ओळखा. आणि आपल्या हातून काही अर्धवट राहिलं, तर ते दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागतं, हे विसरू नका. बंदूक असो, मोटारसायकल असो, नाहीतर खिशातला मोबाईल असो, नियम तोच.

विचार करा आणि लिहा

1. चंपावतची वाघीण नरभक्षक का बनली असावी?
2. चौगड आणि ठाक या दोन प्रसंगांत रायफलीची निवड वेगळी का योग्य ठरली?
3. गोळी 9 ग्रॅम, वेग 800 मीटर प्रति सेकंद आणि रायफल 3 किलोची असेल तर ती किती वेगाने मागे येईल? गणित करून उत्तर वहीत लिहा.